कामठ्याला न उतरलेली यशोधरा

यशोधरा गेल्याची बातमी मला भीमरावनं दिली. दसरा नुकताच झाला होता. मी अंगणात पेपर घेऊन बसले होते आणि फोनवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा चुकून लागला असेल असंच मला वाटलं. भीमराव हा यशोधराचा सख्खा धाकटा भाऊ. पण गेली काही वर्षं त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं होतं, आणि तिची मैत्रीण म्हणून माझ्याशीही जवळजवळ. "कुंदाताई, दवाखान्यात या," तो म्हणाला. "बाई पडली बसस्टॉपवर." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी विचारलं, "कशी आहे आता?" तिकडून लोकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "गेली."

मी पोचले तेव्हा तो दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसला होता. शेतातून तसाच निघून आला होता, पायांना चिखल होता. मांडीवर तिची कापडी पिशवी आणि तिचा चष्मा. स्टॉपवरच्या कुणीतरी तिचा फोन उघडून घरच्या माणसाचा नंबर शोधला, तर तिथं भीमाचंच नाव होतं. इतक्या वर्षांत तिनं ते बदललं नव्हतं. मी शेजारी बसले. आत तिला पांढऱ्या चादरीत ठेवलेलं होतं आणि चष्म्याशिवाय ती मला पटकन ओळखूच आली नाही.

आम्ही दोघी कामठ्याच्या. गावात आमची घरं दोन टोकांना होती. माझं घर पोवारांचं, धानाच्या शेतीवाल्यांचं. तिचे वडील लोकांच्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, रोवणी-कापणीला जात, पुढं त्यांनी त्यातलीच थोडी जमीन घेतली. आजोबांनी दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात मुलींची नावंही तशी, यशोधरा, सुजाता. गावात असताना तिचं आमच्याकडे किंवा माझं तिच्याकडे जाणं-येणं नव्हतं. ते तेव्हा कुणाचंच नव्हतं. आमची ओळख झाली ती बसमध्ये. आठवीनंतर दोघींना गोंदियाच्या शाळेत घातलं आणि कामठ्याहून सकाळच्या गाडीला आम्ही दोघीच मुली. मागच्या बाकावर एका सीटवर बसायचं, डबा तिथंच उघडायचा, तिच्या डब्यातली लाखोरीच्या डाळीची वडी माझ्याकडे आणि माझ्यातलं लोणचं तिच्याकडे. गाडी आली नाही तर चालत निघायचं. अर्ध्या वाटेवर एखादी बैलगाडी मिळे. शाळेत उशिरा पोचलं की छडी बसायची आणि यशोधरा हात पुढं करून शांतपणे म्हणायची, "सर, गाडीच नाही आली." जणू गाडीची जबाबदारी तिच्यावर होती.

पण तिचं खरं प्रेम रेल्वेवर. तिची मावशी बालाघाटला होती आणि सुट्टीत ती तिकडे छोट्या लाइनच्या गाडीनं जायची. ती छोटी गाडी आता नाही, मोठी लाइन झाली. तिच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर झाडाच्या पानांना लागे, असं ती सांगायची आणि मला खरंच वाटायचं की जगात त्याहून मोठं सुख नसेल. ती नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, आमच्या गावातून तिथवर गेलेली पहिली मुलगी. मग लांबच्या शहरांत नोकरी. कोणत्या रस्त्यानं किती लोक जातात, कुठं रेल्वे घालावी, कुठं बस पुरे, हे ठरवणाऱ्या लोकांत तिचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "जमलं नाही गं," आणि विषय तिथंच संपायचा. निवृत्त झाल्यावर ती गोंदियात आली आणि माझ्या सासरच्या गल्लीतच दोन खोल्यांचं घर घेतलं. भीमराव म्हणत होता, गावात चल. ती म्हणाली, "तुझ्या पोराबाळांच्या घरात मी अडगळ होईन." माझे यजमान ती येण्याच्या आदल्या वर्षी गेले होते, मुलगा हैदराबादला. त्यामुळे संध्याकाळचा चहा आमचा एकत्र होऊ लागला. ती कधी माझ्याकडे, मी कधी तिच्याकडे.

गोंदियात त्या सुमारास रेल्वेची चर्चा सुरू झाली. स्टेशनापासून नागऱ्याकडून कामठा आणि पुढं बिरसीच्या विमानतळापर्यंत छोट्या डब्यांची, विजेवर चालणारी हलकी रेल्वे घालता येईल, अशी ती कल्पना. लोक तिला सरळ मेट्रोच म्हणत. शहरातले काही व्यापारी, एकदोन पुढारी, निवृत्त अधिकारी असे मिळून एक समिती झाली होती. सरकारकडे मागणी करायची तर आधी आपला अभ्यास हवा, आणि अभ्यासाला आपल्याच मातीतली, याच कामात आयुष्य घालवलेली बाई मिळाल्यावर आणखी काय पाहिजे? त्यांनी तिला घरी येऊन शाल दिली. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती शाल अंगावर तशीच घेऊन. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस. दुसऱ्यांच्या शहरांत फार वर्षं रेघा ओढल्या मी. ही आपली रेघ आहे."

पुढचे काही महिने तिच्याइतकं आनंदी माणूस मी पाहिलं नाही. रोज बाहेर. कधी ऑटोनं, कधी पायी. कॉलेजची पोरं-पोरी मदतीला घेतली. भाजीबाजारात, सरकारी दवाखान्यासमोर, राइसमिलच्या फाटकाशी उभं राहून लोकांना विचारायचं, कुठून आलात, कशानं आलात, परत कसं जाणार. संध्याकाळी ती मला सांगायची. बिरसीकडे एक बाई भेटली, ती लेकराला टोचून घ्यायला आणते आणि परतीची गाडी नाही म्हणून दवाखान्याच्या पायरीवर दुपार काढते. दासगावकडची एक नर्स, रात्रपाळी संपली की कुणाच्या तरी मोटरसायकलची वाट पाहते. ही माणसं ऐकताना सुरुवातीला तिचे डोळे चमकायचे, कारण त्यांच्यासाठी ती गाडी आणणार होती. हळूहळू मात्र ती बोलायची कमी झाली. चहा गार व्हायचा. एकदा मी विचारलं, "बिनसलंय काय?" तिनं कप बाजूला सरकवला.

"कुंदा, गाडी फार सुंदर होईल. पण ती एकाच रेघेवरून धावणार. ही माणसं त्या रेघेवर राहत नाहीत. एक इकडे, एक तिकडे, चारही दिशांना. तेवढ्याच पैशात सगळ्या रस्त्यांना बस देता येते, आणि तासनतास वाट पाहावी लागत नाही."

"मग बस सांग."

"बसचा भरवसा काय? आज आहे, उद्या कुणी साहेब बदलला की बंद. रूळ टाकले की कुणाला ते उचलून नेता येत नाहीत. तरी बसच बरी हे मला माहीत नाही असं नाही..." ती थांबली. "आणि मला गाडी हवी आहे गं. अजूनही हवी आहे."

मी तिचा चहा पुन्हा गरम करून आणला.

भीमराव तिला भेटायला आला तेव्हा मी तिथंच होते. वडिलांनी घेतलेली जमीन कामठ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आहे, आणि गावात बोलणं होतं की स्टेशन तिथंच होईल. गोंदियाचे लोक गाडी घेऊन जमीन बघायला येऊन गेले होते. त्याला त्याचा लोभ सुटला होता असं मी म्हणणार नाही. थोरली मुलगी लग्नाची, मुलगा शिकायचा, घराची एक भिंत पावसात बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जमिनीला कुणी विचारतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो खुर्चीवर न बसता दाराशीच उभा राहिला.

"बाई, लोक म्हणून राहिले, तू बस सांगून राहिली म्हणते. खरं हाये का?"

"अजून सांगतलं नाही. पण तसंच दिसून राहिलं, भीमा."

"तुले कायले दिसते? तू फक्त हो म्हण. बाकी लोक पाहून घेतीन. रेल आली त बाबाच्या जमिनीचं सोनं होते. ज्या बांधीत बाबा मजुरीनं राबला, तिथं ठेसन होते. तुले बरं नाही वाटत?"

"वाटते ना. पण मले विचारलं हाये त मी जे पाह्यलं तेच सांगीन. नाही त मले कायले विचारलं?"

"दुसऱ्याच्या गावाले रेल दिली तू," भीमराव म्हणाला, "अन् आपल्या गावाले बस." तो चढ्या आवाजात बोलला नाही. चप्पल घातली आणि निघून गेला.

समितीची सभा एका मंगल कार्यालयात झाली. हॉल भरला होता, कामठा-बिरसीकडूनही लोक आले होते. यशोधरानं साधी निळी साडी नेसली होती. ती सोप्या भाषेत बोलली. त्या बाईचं सांगितलं, त्या नर्सचं सांगितलं, रेघ आणि माणसं यांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की माझ्या मते आधी बस मागा, भरपूर मागा, आणि ती बंद होणार नाही असं लिहून मागा. टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या रांगेतला एक व्यापारी सभ्यपणे म्हणाला, "मैडम, आप तो रेल वाली हैं. हमने आपको रेल के लिए बुलाया था. बस तो कोई भी मांग लेता." ती म्हणाली, "हां, मैं रेल वाली ही हूं. इसीलिए आपको मेरी बात पर भरोसा करना चाहिए." कुणीतरी मागे हसलं. त्याच वेळी शेवटच्या रांगेतून भीमराव उठला. ती व्यासपीठावरून त्याला जाताना पाहत होती. दार लागलं तरी पाहत होती.

रेल्वेचं पुढं काही झालं नाही. जाणती माणसं म्हणत, ती येणारच नव्हती, एवढ्याशा शहराला कोण देतं? पण गावाला दोष ठेवायला कुणीतरी लागतं. जमीन बघायला येणारे लोक येईनासे झाले आणि कामठ्यात म्हणू लागले की भीमरावच्या बहिणीनंच रेल घालवली. ते तिच्यापेक्षा त्यालाच जास्त ऐकावं लागलं असेल, हे मला आता समजतं. बस मात्र वाढल्या. मागितल्या तेवढ्या नाही, पण कामठ्याला सकाळ-दुपार-संध्याकाळ गाडी झाली. त्यासाठी यशोधरानं कार्यालयांच्या किती पायऱ्या चढल्या ते मी पाहिलंय. एका हिवाळ्यात दुपारची फेरी बंद झाली, तर ती पुन्हा जाऊन बसली साहेबाच्या खोलीबाहेर, फेरी सुरू होईपर्यंत.

भाचीच्या लग्नाची पत्रिका गावातल्या एका माणसाच्या हाती आली. फोन नाही, आवतण द्यायला कुणी आलं नाही. ती म्हणाली, "पत्रिका आली ना? जायचं." आम्ही दोघी गेलो. तिनं भाचीच्या हातात पाकीट आणि साडी दिली, भाचीनं मिठी मारली, भावजयीनं डोळे पुसले. भीमराव पंगतीत वाढत होता. आमच्यासमोर आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोटभर जेवजो, कुंदाताई." तिच्या पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, आणि पुढं सरकला. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "म्हातारा दिसायला लागला गं भीमा."

तिची ती सवय मला कळली ती योगायोगानं. दुपारी ती घरात नसायची. मला वाटायचं वाचनालयात जात असेल. एकदा बाजारातून येताना ती कामठ्याच्या गाडीत चढताना दिसली, म्हणून मीही चढले. ती जरा संकोचली, मग सरकून जागा दिली. गाडी भरलेली होती. कॉलेजच्या मुली, दवाखान्यातून परतणारं एक जोडपं, रिकाम्या टोपल्या घेतलेल्या भाजीवाल्या. यशोधरा प्रत्येक थांब्यावर कोण चढतं, कोण उतरतं ते बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, रेघ ओढायच्या दिवसांतलं काहीतरी होतं. कामठ्याच्या अलीकडे तिनं बोलणं थांबवलं. रस्त्याकडेच्या बांधीत हिरवं धान उभं होतं आणि पाऱ्यावर, बांधाच्या कडेला, भीमराव फावडं टेकून उभा होता. गाडी त्याच्यासमोरून गेली. त्यानं मान वर केली नाही. ती मागे वळून, काचेला कपाळ लावून, तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

गावात गाडी थांबली, सगळे उतरले. आम्ही दोघी बसून. कंडक्टर तिला ओळखत होता. म्हणाला, "मॅडम, आज तरी उतरा ना. चाय घ्या."

"नाही भाऊ. याच गाडीनं वापस जातो."

मी म्हटलं, "चल ना, आलोच आहोत तर. घर चार पावलांवर आहे."

"तो बोलावेल तेव्हा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी उतरले आणि त्यानं दार लावून घेतलं तर मग मला ही गाडीही उरणार नाही, कुंदा."

मी पुन्हा तिला आग्रह केला नाही. ती आठवड्यातून एकदोनदा जात राहिली, पावसाळ्यातही. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी ती त्याच स्टॉपवर उभी होती. नेहमी दुपारच्या गाडीनं जाणारी, त्या दिवशी सकाळीच का गेली, मला माहीत नाही. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि कागदात बांधलेली संत्री निघाली. संत्री तिला स्वतःला आवडत नसत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्या गोंदियातल्या घरीच झाला. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, नातलग जेवले, पांगले. भीमराव मागं राहिला. भांडी उचलायला मी होते. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"कुंदाताई, एक विचारू का? बाई त्या दिशी आमच्याकडंच येऊन राहिली होती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्याला त्यात थोडा आधार मिळाला असता. पण यशोधराच्या घरात उभं राहून मला ते जमलं नाही. मी त्याला म्हटलं, मला ठाऊक नाही. मग ती कशी यायची, गावात बसून राहायची आणि त्याच गाडीनं परतायची, ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता. डोळे जमिनीवर.

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "खिडकीत दिसे ना ती. म्हणून त दुपारी मी त्या बांधीतच राहो. काम राहो का नोको राहो. मले वाटे, उतरन एक दिस."

मी म्हटलं, "मग तुम्ही हात का नाही दाखवला, भीमराव?"

त्यानं आत येऊन नळाखाली हात धरले. पाणी वाहत होतं. मग नळ बंद करून म्हणाला, "रेल आली असती त बरंच झालं असतं. ते मी आताही म्हणीन. पण बाईसंग बोलाची गोष्ट वेगळी होती. ते मले समजलं नाही."

आता तिच्या घराची एक किल्ली त्याच्याकडे असते आणि एक माझ्याकडे. संध्याकाळचा चहा मी एकटीच घेते, आणि अजून दोन कप मांडले जातात हे कुणाला सांगण्यासारखं नाही. दुपारची कामठ्याची फेरी मागच्या पंधरवड्यात दोनदा आली नाही, असं कॉलेजच्या मुली सांगत होत्या. ज्या कार्यालयात जाऊन बसायचं ते मला माहीत आहे, पण तिच्यासारखं बसता येईल का, ते माहीत नाही. तरी सोमवारी जाणार आहे.

परवा भीमराव आला होता. कापणी, मळणी आटोपली होती. खांद्यावर कट्टा, भरलेलं छोटं पोतं. मला वाटलं माझ्यासाठी काही आणलंय. पण मला घेऊन तो तिच्या घरी गेला, आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं, आत स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा मोठा स्टीलचा डबा खाली घेतला. भांडण होण्याआधी दरवर्षी नव्या धानाचा पहिला तांदूळ तो तिला आणून द्यायचा, त्याच डब्यात. मधल्या वर्षांत ती दुकानातून आणत होती. डब्यात तळाशी थोडा जुना तांदूळ उरला होता. त्यानं तो ताटात काढून घेतला, डबा आतून कपड्यानं पुसला, आणि कट्ट्याचं तोंड सोडून नवा तांदूळ ओतला. बारीक धूळ उडाली. खोलीभर नव्या तांदळाचा वास पसरला.

मी म्हटलं, "भीमराव, आता इथं कोण खाणार?"

"राहू द्या," तो म्हणाला. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा होता तिथं, फळीवर ठेवला.